वळखीचा आवाज

रविवारी सकाळी सव्वासातला सम्राट रणपिसेला त्याच्या स्वतःच्या सोसायटीच्या फाटकात अडवण्यात आलं. हातात दुधाच्या दोन पिशव्या, पायात घरातल्या चपला, मोबाईल वर घरात चार्जिंगला. वॉचमन नवा होता. युनिफॉर्म जुन्याचाच असल्यामुळे त्याचे खांदे कोपराकडे उतरले होते. "कुणाकडं जायचंय?" त्यानं विचारलं. सम्राट इथं अकरा वर्षं राहत होता, त्यातली दोन सेक्रेटरी म्हणून. फाटकाचा हा उदास राखाडी रंग त्याच्याच सहीनं मंजूर झालेला. "इथलाच आहे," तो म्हणाला. "सगळे असंच म्हणतात," वॉचमन म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, निरीक्षण होतं. मग त्यानं इंटरकॉमवरून पाचशे दोनला फोन लावला आणि सम्राटकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, खाली कुणी सम्राट म्हणून आलेत. सोडू का?" पलीकडून संजीवनीचा झोपेतला आवाज सम्राटला फाटकाबाहेर उभ्या उभ्या स्पष्ट ऐकू आला. "कोण सम्राट?" लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. वॉचमननं वळून त्याच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, नुसतं 'बघा' अशा नजरेनं.

वर आल्यावर संजीवनी दूध तापेपर्यंत हसत होती. "अरे, झोपेत होते. रणपिसे म्हणाला असता तर ओळखलं असतं. सम्राट म्हणून कोण खाली येतं का!" एरवी सम्राटनं हा किस्सा सोमवारी शेती-संशोधन संस्थेच्या कॅन्टीनमध्ये घोळवून घोळवून सांगितला असता. वनस्पती-रोगशास्त्र विभागात विनोदी माणूस म्हणून त्याचं नाव होतं. त्या विभागात त्यासाठी फार कष्ट पडत नसत. पण आज त्याला हसू आलं नाही. वॉचमनचं काही चुकलं नव्हतं. उलट बावीस वर्षं तो विद्यार्थ्यांना हेच शिकवत आला होता, की भाताच्या पानाला डोळे नसले तरी फाटकावर माणूस असतो. जिवाणूला पोहायला शेपटी असते. त्या शेपटीचा एवढासा तुकडा पेशीच्या वेशीवरल्या पहारेकऱ्याला लागला की तो बोंब ठोकतो, आणि रोप आपली बारीक दारं मिटून घेतं, भिंती जाड करतं, विष कालवायला घेतं. इथवर सगळं नागरिकशास्त्राच्या पुस्तकासारखं. मग जिवाणू आपली सुई काढतो आणि तिच्यातून पेशीच्या आत आपली माणसं सोडतो. माणसं म्हणजे प्रथिनं. त्यातली काही पहारेकऱ्याला गुंगी देतात, काही त्याच्या फोनची वायर कापतात. पण भातावरच्या जिवाणू-करप्याची खरी करामत निराळीच. त्याचं एक प्रथिन सरळ आतल्या हपिसात जातं, रोपाच्या स्वतःच्या फायलीवर बसतं आणि रोपाच्याच भाषेत, रोपाच्याच शिक्क्यानं हुकूम काढतं, की साखरेचं कोठार उघडा. रोप उघडतं. त्याला वाटतं आपलंच कुणीतरी सांगतंय. जिवाणू बाहेर बसून जेवतो. ही कोठारं उघडणाऱ्या जनुकांना शास्त्रज्ञांनी 'गोड' अशा अर्थाचं नाव ठेवलंय. शास्त्रज्ञांचा विनोद तेवढाच असतो. ह्या जागी वर्ग हसायचा आणि सम्राट आपलं ठरलेलं वाक्य टाकायचा: "म्हणजे मुलांनो, दार कुणी फोडत नाही. दार आतूनच उघडलं जातं. बाहेरच्यानं फक्त आवाज ओळखीचा काढायचा."

हे वाक्य त्यानं आजवर किमान चाळीस वेळा म्हटलं असेल. चाळीसही वेळा स्वतःवर खूष होऊन.

मोबाईल चार्ज झाला होता. त्यावर शुक्रवारपासून वनिताचे आठ फोटो आणि एक बोलका निरोप पडून होता. वनिता त्याची धाकटी बहीण. सासर-माहेर दोन्ही मार्गासनीतच असल्यामुळे दोन्हीकडची खाचरं तीच बघायची. फोटोत भाताची पानं होती, हिरवी, आणि कडेनं वरून खाली उतरत आलेली पिवळी लाट, जणू पान कुणी दोन्ही बाजूंनी विस्तवावर धरलंय. निरोप त्यानं एकदाच ऐकला होता, पण पाठ झाला होता. "दादा, समद्या खाचरांत कडा पिवळ्या पडल्यात. गोरखभाऊच्या बी, आन वरल्या आळीच्या बी. तू म्हनला हुतास तसंच केलं हुतं रं समदं. तसंच. आता ह्येला काय मारू त्येवढं सांग." 'तसंच' हा शब्द तिनं दोनदा म्हटला होता. त्याच्या खाली, आदल्या संध्याकाळी, संचालकांनी पाठवलेला एक फॉर्म होता. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या भाताची पाहणी झाल्याचं त्यात आधीच लिहिलेलं होतं. पाहणी तेवढी व्हायची राहिली होती. अकरावा रकाना: 'रोगप्रसाराचे कारण.' त्यात कुणीतरी सोयीसाठी भरूनही ठेवलं होतं: 'अतिवृष्टी व वारा (नैसर्गिक).' सोमवारी अकराच्या आत डॉ. रणपिसेंची सही हवी होती, कारण ते तिकडचेच.

"रविवारी कुठं?" संजीवनीनं विचारलं. मार्गासनी, तो म्हणाला. तिनं गॅस बारीक केला. "तुझा तो भाताचा व्हिडिओ आमच्या शाळेच्या ग्रुपवरसुद्धा फिरला होता. त्यात तू वेगळाच वाटत होतास." वेगळा म्हणजे? "चांगला," ती म्हणाली. "घरात कधी तसा बोलत नाहीस." त्यानं गाडीची किल्ली घेतली. फाटकातून बाहेर पडताना वॉचमननं ह्या वेळी कडक सलाम ठोकला. सम्राटला तो सकाळच्या अपमानापेक्षा जास्त लागला. एवढ्या लवकर ओळखायला नको होतं.

शिवऱ्यापाशी रस्त्याकडेच्या टपरीवर तो चहाला थांबला. हायवेवरून मालट्रक चालले होते आणि त्यांच्या आवाजात माणसाला निवांत विचार करता येत नाही, हेच त्याला हवं होतं. पण विचार आलेच. जूनमध्ये मोहीम निघाली होती, 'संशोधक आपल्या बांधावर' नावाची. संस्थेनं एक पुस्तिका काढली होती, गुळगुळीत कागदाची. पान चौदावर खोडकिडा: किडा रोपांच्या शेंड्यावर अंडी घालतो, तेव्हा लावणीआधी रोपांचे शेंडे खुडावेत. पान सतरावर करपा: खुडलेल्या जखमेतून जिवाणू आत जातो, तेव्हा लावणीआधी रोपांचे शेंडे खुडू नयेत. पंधरा आणि सोळा पानांवर मान्यवरांचे संदेश होते. पान सतरा सम्राटनंच लिहिलेलं. चौदा दुसऱ्या कुणी. दोन्ही पानं आपापल्या जागी बरोबर होती, आणि पुस्तिकेला पंधरा ऑगस्टला उत्तम मांडणीसाठी प्रशस्तिपत्रक मिळालं. मोहिमेच्या साहेबांनी सम्राटला बोलावलं आणि चौदावं पान पुढं केलं. "तुम्ही तिकडचे. ही शिफारस तुमच्या भाषेत म्हणा. लोकांना आपलं माणूस वाटलं पाहिजे." सतराव्याचं काय, असं त्यानं विचारलं होतं. अगदी विचारलंच नव्हतं असं नाही. "करपा यंदा कुठं आहे? खोडकिड्याचं टार्गेट आहे," साहेब म्हणाले. करपा आहे का नाही, हे सांगणं हाच खरं म्हणजे सम्राटचा धंदा होता. पण तेवढ्यात कुणीतरी त्याच्या शर्टाला माईक लावला.

आणि मग ते झालं. खडकवासल्याजवळच्या कुठल्याशा नमुन्याच्या शेतात, हातात रोपांची जुडी धरून, तीन-चार वाक्यं तो पुण्याच्या मराठीत अडखळत बोलला. साहेबांनी हात हलवून थांबवलं. आणि पाचव्या वाक्याला त्याच्या तोंडातून दुसराच कुणी बोलायला लागला. "बग गड्या," तो आवाज म्हणाला, "हात भरल्यात तर भरू दे, पर जुडी लावायच्या आदी शेंडा खुड. ईळा घ्यायचा आन वरचं चार बोट उडवायचं. आमी काय परकं न्हाई, तुमचंच हाय." जाडसर, कडेला किंचित खरखरीत, वाक्याच्या शेवटी सावकाश खाली बसणारा आवाज. माईकवाल्या पोरीनं अंगठा दाखवला. सम्राटच्या पोटात काहीतरी गोड पसरलं. त्याला तो आवाज ओळखू आला होता. सदतीस वर्षांनी आला होता, आणि एक केससुद्धा पांढरा झाला नव्हता.

तो सोनबाचा होता. सोनबा म्हणजे सम्राटचा धाकटा चुलता, अख्ख्या मार्गासनीत भात कळणारा एकच माणूस. कुणाच्या खाचरात पाणी किती ठेवायचं, इंद्रायणीचं भात कुठं आडवं पडेल, आंबेमोहोर कुठं रुसेल, हे वरल्या आळीची माणसंसुद्धा खाली बौद्धवस्तीत येऊन त्याला विचारायची, ओट्याखाली उभी राहून, आणि तो ओट्यावर बसून सांगायचा. तेवढ्यापुरती उंची त्याच्या बाजूला असायची. त्याची बायको रतनबाई. दोघांना मूल नव्हतं, दार मात्र पक्कं होतं. भरदुपारीही ती आतून कडी लावून बसायची, कारण तिला कुत्र्यांची आणि माणसांची सारखीच भीती. सोनबा शेतातून यायचा आणि बाहेरूनच हाक घालायचा, "रतन, कडी काढ गं, हात भरल्यात." चिखलाच्या हातानं दाराला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. सम्राट तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. त्याला नकला यायच्या: मास्तरांची, एसटीच्या कंडक्टरची, आणि सगळ्यांत हुबेहूब सोनबाची. दुपारी सोनबा रानात असला की हा दाराशी जायचा, छाती फुगवायचा आणि म्हणायचा, "रतन, कडी काढ गं, हात भरल्यात." कडी निघायची. मग हा फिदीफिदी हसत आत, रतनबाई "मुडद्या!" म्हणत मागं, आणि शेवटी शिंक्यावरच्या डब्यातला गुळाचा खडा. चार-पाचदा तरी ती फसली. फसायला तिला आवडत असावं. निदान सम्राटनं पुढं तशी समजूत करून घेतली.

पुढचा भाग तो सहसा आठवत नसे. त्याला त्याची सवय झाली होती, जशी गाडीला एका खड्ड्याला वळसा घालायची होते. आषाढात सारोळ्याच्या पुलापाशी टेम्पो उलटला, त्यात सोनबा गेला. भाद्रपदातल्या एका दुपारी, घरात कुणी नव्हतं आणि भूक होती आणि ऊन असं पिवळं पडलं होतं, तेव्हा सम्राट त्या दारासमोर उभा राहिला. का, ते त्याला आजही सांगता आलं नसतं. वाईट हेतू नव्हता. हेतूच नव्हता, तोंडाला सवय होती आणि जिभेला गुळाची आठवण. "रतन, कडी काढ गं," त्याचं तोंड म्हणालं, "हात भरल्यात." आत भांडं पडलं. पावलं धावत आली. कडी इतक्या जोरात निघाली की वरून माती गळली. दारात रतनबाई उभी होती, केस सुटलेले, आणि तिच्या चेहऱ्यावर, अगदी क्षणभर, जे होतं ते सम्राटनं नंतर कुठल्याच माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही, स्वतःच्या लग्नातही नाही. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. मारलं नाही. त्याच्या डोक्यावरून पलीकडे, रिकाम्या वाटेकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग दार लावलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तो शिकायला भोरला गेला, पुण्याला गेला, परदेशी दोन वर्षं राहून आला. 'परजीवी जिवाणूची अनुकरणात्मक रणनीती' असा त्याचा प्रबंध होता. आभाराची दोन पानं होती. त्यात सगळ्यांची नावं होती, वसतिगृहाच्या आचाऱ्याचंसुद्धा.

टपरीवाल्यानं पैसे मागितले तेव्हा चहा गार झालेला होता.

चेलाडी फाट्याला वळलं की हायवेचा आवाज पाठीमागं पडतो आणि दोन्ही बाजूंना भात सुरू होतं. वेल्ह्याला आता राजगड म्हणायचं असा पाटीचा आग्रह होता. एसटीच्या कंडक्टरला अजून तो मान्य नव्हता. सप्टेंबरचा पहिला आठवडा. ह्या दिवसांत डोंगराच्या पायथ्यापासून गुंजवणी नदीपर्यंत एकच हिरवा असतो. आज तो हिरवा नव्हता. गाडीतून, साठच्या वेगानं, डोळे अर्धे मिटूनही त्याला कळत होतं. जशी डॉक्टरला वेटिंगमधली खोकला दाबणारी माणसं कळतात. खाचरांवर वाळक्या गवताचा रंग चढला होता, आणि तो उभ्या-आडव्या पट्ट्यांनी चढला होता, म्हणजे वाऱ्यानं आलेला नव्हता. वारा असा बांध मोजून येत नाही. एकेका जुडीबरोबर, एकेका विळ्याबरोबर तो आला होता, लावणीच्या ओळीत, शिस्तीनं. सम्राटनं गाडी बाजूला घेतली. खाली उतरून एक पान हातात धरलं. कडेला मोहरीहून बारीक, मधाच्या रंगाचे जिवाणूंचे मणी वाळून बसले होते. आत जेवण चांगलं चाललं होतं.

"आले आले, डाक्टर आले!" वनिताच्या ओट्यावरून गोरख ओरडला. गोरख वरल्या आळीचा, शाळेत सम्राटच्या बाकावर बसलेला, आणि तेव्हापासून त्याच्यावर हक्क असल्यासारखा बोलणारा. "मोबाईलमदी दिसतू त्यापरीस बारीक झालास की रं. बायकू जेवाय घालती का न्हाई?" वनिता पाणी घेऊन आली, मागून वस्तीतली पाच-सहा माणसं. कुणाच्याच चेहऱ्यावर राग नव्हता. सम्राट वाटेत रागाची तयारी करून आला होता. आता ती तयारी हातात नेमकी कुठं ठेवावी हे त्याला कळेना. "दाना भरंल का रं दादा?" वनितानं हळूच विचारलं. हेच ती आठ फोटोंतून विचारत होती. निम्मा पळंज होईल, तो म्हणाला; काही खाचरांत निम्म्यापेक्षा जास्त. पळंज म्हणजे नुसतं फोलपट, दाणाच नाही. तिनं पदर तोंडाशी नेला आणि लगेच खाली घेतला. "चहा टाकते," ती म्हणाली.

त्यानं काचेचा ग्लास मागितला. पाहुण्यांचा, फुलं काढलेला एकच ग्लास होता, तो आला. पिवळ्या पानाचा एक तुकडा कापून त्यानं पाण्यात उभा धरला आणि ग्लास उन्हाकडे केला. सगळे वाकले. थोडा वेळ काहीच नाही. मग कापलेल्या कडेतून एक पांढरट धागा निघाला, दुधासारखा, आणि सावकाश पाण्यात खाली उतरत गेला. "आरं तिच्या!" गोरख म्हणाला. "ह्ये तर दूध देतंय." ह्या धाग्यात किती असतील? सम्राटनं विचारलं, आणि स्वतःच सांगितलं, कोटींनी. "आन बगा गड्यांनो, ह्यो किडा न्हवं. ह्यो लई बारीक. धडधाकट पानात ह्येला शिराया वाट गावत न्हाई सजासजी. त्येला कापलेलं लागतं. शेंडा खुडला की ह्येच्यासाटनं वेशीचं दार उगडं. आन एकाच ईळ्यानं शंभर जुड्या खुडल्या, तर पयल्या जुडीचं दुकनं शंभराव्या जुडीला." त्याला ऐकू येत होतं. तो पुन्हा आला होता, जाडसर, कडेला खरखरीत. "म्हंजी शेंडे खुडा म्हनून म्या सांगितलं, तीच चूक. ही वाऱ्यानं न्हाई आली. म्या आनली."

मग गोरख हसला, आणि त्याच्यामागून सगळे. "काय बोलतुयास! शेंडे खुडून रोग येतू व्हय? मग पोरींच्या वेन्या कापल्या की ताप याया पायजे." कुणीतरी म्हणालं, यंदा वारंच तसलं हुतं. कुणी म्हणालं, खताच्या गोण्यांवर कायतरी वंगाळ वास हुता. वनिता त्याच्या बाजूला सरकली. "दादा, चारचौगात असं म्हनू नगंस. लोकं मानत्यात तुला. तू का आमचं वाईट करशील?" सम्राट समजावत राहिला, आणि जितका समजावत राहिला तितका तो आवाज भरत गेला, गोड होत गेला, आणि तितके त्यांचे चेहरे निवांत होत गेले. आपण सोनबाच्या आवाजात कबुली देतोय हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. आणि सोनबा भाताच्या बाबतीत उभ्या जन्मात कधी चुकला नव्हता. हे असं पुस्तकात कुठं नव्हतं: जिवाणूनं आत जाऊन 'मी जिवाणू आहे' असं ओरडावं, आणि रोपानं म्हणावं, असं बोलू नये, तुम्ही आमचेच. "फुडल्या साली काय करायचं त्येचा नवा व्हिडिओ टाक," गोरखनं वर सांगितलं. "तू सांगशील त्ये करू. मागं हटनार न्हाई." खिशातल्या मोबाईलमध्ये अकरावा रकाना होता. वारा, पाऊस, नैसर्गिक. गाव स्वतःच ते वाक्य बोलत होतं. सही केली तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. पुढच्या जूनमध्ये शेंडे पुन्हा खुडले जाणार होते, एवढंच.

तेव्हा त्याला एक पट्टी दिसली. वनिताच्या ओट्यावरून, पिवळ्या खाचरांच्या मधोमध, एक अरुंद खाचर हिरवं होतं. थोडंथोडकं नव्हे, निर्लज्ज हिरवं. त्यानं बोटानं दाखवलं. "ती रतनकाकीची," वनिता म्हणाली. "तिनं न्हाई खुडलं. म्या सवता जाऊन व्हिडिओ दावला, म्हनलं, बग तरी, आपला दादा कसा बोलतूया. निम्मा बगितला आन उटली. दार लावून घेतलं." "म्हातारी येडी हाय," गोरख म्हणाला. "नशीब आपलं तिचं."

सम्राट वस्तीच्या टोकाला एकटाच चालत गेला. ओट्याची उंची कमी झाली होती, किंवा त्याची वाढली होती. दार तेच, खालच्या फळीला पत्र्याचं ठिगळ. भरदुपार. आतून कडी. त्यानं कडी न वाजवता बोटांनी लाकूड वाजवलं.

"कोन हाय?"

म्हातारपणानं आवाज बारीक झाला होता, पण धार होती. सम्राटनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जीभ टाळूला लागून तयार बसलेली त्याला जाणवत होती. तिला आपलं काम माहीत होतं, छातीसुद्धा आपोआप फुगत होती. त्यानं श्वास सोडून दिला. "सम्राट," तो म्हणाला.

"कोनचा सम्राट?"

सकाळपासून दुसऱ्यांदा. "वनिताचा भाऊ. पुण्याहून आलोय. काकी, तुमचं एकटीचं भात हिरवं आहे. तुम्ही शेंडे का नाही खुडले, एवढंच विचारायचं होतं."

आत काहीतरी सरकलं, पाट किंवा डबा. आवाज दाराच्या अगदी जवळ आला. "त्या मोबाईलमदनं ह्यांचा आवाज आला," रतनबाई म्हणाली. "हात भरल्यात म्हनाला. ह्ये गेल्याव म्या त्या आवाजाला येकदा दार उघाडलंया. येकदा लई झालं."

ऊन त्याच्या मानेवर होतं. पायाशी ओट्याच्या फटीत मुंग्यांची ओळ चालली होती, दाराखालून आत, आणि आतून बाहेर. त्याला एकदम वाटलं, अख्ख्या दोन तालुक्यांत पहारा नीट चालू असलेलं घर हे एवढंच आहे. प्रयोगशाळेत हेच घडवायला त्यानं आणि इतर अनेकांनी अर्धं आयुष्य घातलं होतं: कोठाराच्या दाराची खूण थोडी बदलून ठेवायची, म्हणजे तो ओळखीचा हुकूम आला तरी दार ढिम्म राहतं. त्या खुणेला एक नाव होतं, एक क्रमांक होता. ती बदलण्यासाठी एक भाद्रपदातली दुपार लागते, हे कुठल्याच निबंधात लिहिलेलं नव्हतं.

"आन ऐक," आतून आवाज आला, आणि आता तो रागाचा नव्हता, थकलेला होता. "तवा बी. गूळ पायजे हुता तर तुझ्या आवाजात मागायचा हुतास. म्या न्हाई म्हनले असते व्हय?"

सम्राटनं घसा खाकरला. आपला आवाज कुठला, हे त्याला नेमकं माहीत नव्हतं. वर्गातला नव्हे, कॅन्टीनमधला नव्हे, साहेबांसमोरचा तर नव्हेच. तो दाराच्या फळीकडे, पत्र्याच्या ठिगळाकडे बघून बोलायला लागला. "काकी, शेंडे खुडा असं मी सांगितलं. ते चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. मीच ते लिहिलं होतं, सतराव्या पानावर, आणि तरी सांगितलं, कारण मला ऐकायला बरं वाटलं. गावाचं भात माझ्यामुळं गेलं. आणि त्या दिवशी दाराशी आलो, तेही मीच." आवाज पान सतरासारखा निघाला, कोरडा, बारीक, मधेच चिरकलेला, कुणी वाचलं नाही तर नवल वाटू नये असा. त्याला ऐकवेना. तरी अकरावा रकाना ह्याच आवाजात भरता येईल, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि सोमवारी अकरा वाजता संचालकांचा चेहरा कसा होईल तेही. गोरख आणि वनिता लांबून बघत होते. त्यांनाही हेच, ह्याच आवाजात, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, आणि ह्या वेळी ते हसणार नव्हते.



"ह्यो आवाज वळखीचा न्हाई," रतनबाई आतून म्हणाली, आणि तिनं कडी काढली.